वसुमतीबाईंचं बोट

बेंगळुरातल्या एचएसआर लेआउट वस्तीत वसुमतीबाईंचा शिशुविहार आहे, आणि त्यात मुलांपेक्षा तत्त्वज्ञच जास्त, असं त्यांचे यजमान नरसिंहराव म्हणतात. माणूस कुरकुऱ्या आहे, पण इथे त्याचं चुकत नाही. बाईंनी नवं पुस्तक वाचलं की शाळेची उलथापालथ ठरलेली. मुलं म्हणजे रोपटी, असं कुणा जर्मनाने सांगितलं, तर बाकं बाहेर गेली आणि अंगणात वाफे आले. मुलाला निसर्गावर सोपवा, असं कुणा फ्रेंचाने सांगितलं, तर मुलं महिनाभर चिखलात लोळली आणि कपडे धुता धुता आयांनी बाईंच्या नावाने बोटं मोडली. शेवटी इटलीच्या एक विदुषी पुस्तकातून आल्या आणि ठाण मांडून बसल्या. मुलाचा हात धरून काही करवून घ्यायचं नाही, ते आपापलं शिकतं, हे बाईंनी त्यांच्याकडून उचललं आणि दर पालकसभेत घोटलं. सुहास नावाच्या एका बापाने लेकीचा हात धरून रेघ काढली, तर त्याला चारचौघांत असं झापलं की बिचारा आता गेटबाहेरूनच टाटा करतो.

यंदाच्या दसऱ्याला बाईंच्या नातीचं, तीन वर्षांच्या अनुषाचं, पहिलं अक्षर होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं, पण रीत सोडलेली नाही. ताटात तांदूळ पसरायचे, मुलाला मांडीवर घ्यायचं आणि त्याचं बोट धरून ‘श्री’ काढायचा. बाईंचं बोट त्यांच्या अण्णांनी धरलं होतं. अण्णा गेले, ती पकड मात्र बाईंना अजून आठवते. मुलाच्या वेळी त्या तापाने आडव्या होत्या, मान सासूबाईंनी घेतला. आता ही नात. बाईंना ते इवलंसं बोट धरायचं होतं, अगदी जिवापासून धरायचं होतं.

पण सून नीलिमा पडली पुण्याची, एकही पालकसभा न चुकवणारी. तिने हौसेने शाळेतल्या पालकांनाही बोलावलं होतं. बाईंनी नातीला मांडीवर घेऊन हात पुढे केला, तोच ती म्हणाली, “आई, हात नाही ना धरायचा? तुम्हीच सांगता.”

सुहास पहिल्याच रांगेत होता. तो सरसावून बसला.

“नाहीच धरायचा,” बाई म्हणाल्या, आणि मनातल्या मनात त्या विदुषींचा उद्धार केला.

मग सगळे अनुषाच्या मर्जीची वाट बघत बसले. तिने तांदूळ वाटीत भरले, ओतले, पुन्हा भरले. थोडे खाल्ले, थोडे आजोबांच्या खिशात घातले. मुहूर्त टळायला आला, आत पुळियोगरेचा चिंचभात गार होत चालला. उपाशी पाहुण्यांचं काय करायचं, हे कुठल्या तत्त्वज्ञाने लिहून ठेवलंय का, असं नरसिंहरावांनी विचारलं. बाईंचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्या मान खाली घालून तांदळातले खडे शोधत होत्या. चांगला निवडलेला तांदूळ, त्यात कसले आलेत खडे?

अज्जीला हे जमत नाहीये, अशी अनुषाची समजूत झाली. तिने बाईंचं बोट मुठीत पकडलं आणि तांदळात खुपसलं.

“अज्जी, स्वल्प सैल सोड. मी शिकवते.”

बाईंनी बोट सैल सोडलं. तांदळात एक वेडावाकडा गोल उमटला. ही इडली आहे, असं अनुषाने सगळ्यांना सांगून टाकलं.

“म्हणजे हात धरलेला चालतो का, मॅडम?” सुहासने विचारलं.

“मी कुठे धरलाय? तिने धरलाय,” बाई म्हणाल्या. पदराने डोळे पुसले ते दुसऱ्या हाताने, आणि आणखी एक इडली काढायला बोट तसंच नातीच्या मुठीत राहू दिलं.