बेसच्या खोक्याची उलटी तार

मला पाहायला आले तेव्हा पाहुण्यांनी गाणं म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. मुलगा लोणारच्या एका आर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. तो मान डोलवत म्हणाला, "आवाज चांगला हाय. आमच्या पार्टीत चालन." सुलतानपुरातल्या त्या शहाण्या पोरीनं, म्हणजे मीच, एवढ्या एका वाक्यावर लग्नाला होकार दिला. स्वभाव कसा, घरात माणसं किती, काही विचारलं नाही. पार्टीत चालन म्हणे! चालली ना. खोक्यासोबत चालली.

खोकं म्हणजे यांच्या गिटारचा स्पीकर बॉक्स. काळा, कमरेएवढा उंच, आत दोन मोठे स्पीकर, एकावर एक. गावोगावच्या स्टेजच्या फळ्या हलायच्या आणि खोकं मागे मागे सरकायचं. म्हणून मी त्याच्या मागे बसून पाठीनं ते रेटून धरायची, कार्यक्रम संपेपर्यंत. समोरून मी कोणाला दिसायची नाही. पाठीत धडधड व्हायची आणि मला वाटायचं, आपण आर्केस्ट्रात आहोत. शेजारणींना ऐटीत सांगायची, "उद्या आमचा संग्रामपूरला कार्यक्रम आहे." आमचा! गाण्याचं काढलं की हे म्हणायचे, "पुढच्या कार्यक्रमाले." ती येडी पुढच्या कार्यक्रमाची साडीसुद्धा काढून ठेवायची.

स्पीकरचा कागदी पडदा फाटला की दुरुस्ती माझ्याकडे. "तुह्या हाताले चटक्याची सवय हाय," असं म्हणून यांनी मला तारांना कथिलाचा डाग द्यायला शिकवलं. मला तेही कौतुकच वाटलं होतं. पतंगाचा कागद डिंकानं चिकटवून मी कितीतरी पडदे जोडले.

मग पार्टी मोडली. खोकं घरात राहिलं. हे सकाळी थोडं वाजवत, बस.

यंदा जुन्या कलाकारांनी एकत्र कार्यक्रम करायचं ठरवलं आणि नेमका खालचा स्पीकर गेला. जाळी काढली तर जळका वास. आतली कॉइलच जळली होती, तिथे कागद-डिंकाचं काम नव्हतं. यांनी खामगावहून नवा स्पीकर आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

मी म्हटलं, "बसवते. पण मले एक गाणं पाह्यजे."

"हाव, घे ना. एक काय, दोन म्हण."

सत्तरीची बाई मी, तरी पुन्हा फसले. पेचकस घेऊन बसले. जुना काढला, नवा लावला, तारांना डाग दिला. यांनी वाजवून पाहिलं. मांडणीतल्या ताटल्या थरथरल्या. खूश होऊन चहा प्यायले आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "अवं, ते गाण्याचं... यादी झाली. लेडीज आवाजाले जालन्याची पोरगी येऊन राह्यली."

"काऊन? माह्या गळ्याले काय झालं?"

"या वयात लोकं हसतीन."

"तुमच्यावर हसत नाहीत का? कवळी सांभाळत गिटार वाजवता ते!"

ते नुसते हसले. आमच्या घरात हसणं म्हणजे विषय संपला.

दुसऱ्या दिवशी हे दाढी-कटिंगला गेले आणि मी जाळी पुन्हा उघडली. एका खोक्यातले दोन स्पीकर एकदम पुढे आणि एकदम मागे हलले पाहिजेत. एकाच्या तारा उलट्या लागल्या, तर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि जाड आवाज, म्हणजे बेस, खोक्यातल्या खोक्यात मरतो. खरखर नाही, वास नाही, बाहेरून काही कळत नाही. मी नव्या स्पीकरच्या तारा उलट्या लावल्या. पेन्सिल सेल लावून पाहिलं. वरचा पडदा बाहेर उडाला, खालचा आत गेला. स्क्रू घट्ट केले.

माझा हिशोब असा, की पहिल्याच गाण्याला आवाज पोकळ येईल, वाजवणारे थांबतील, हे घामाघूम होऊन माझ्याकडे बघतील. मग मी सांगेन, आधी माझं गाणं, मग तुमची तार.

कार्यक्रमाला यावेळी मी खोक्यामागे नाही, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. गाणं सुरू झालं. बेस नव्हताच. नुसती तारांची टकटक. मी वाट पाहिली. ढोलकीवाला वाजवत राहिला. जालन्याची पोरगी गात राहिली. हे डोळे मिटून मान डोलवत होते. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई मान हलवत होती. शेवटी कीबोर्डवाला यांच्या गळ्यात पडून म्हणाला, "दादा, तुमच्या बेसशिवाय मजा नाही!"

मी पदर तोंडात कोंबला. आधी हसू आलं. मग पदर सोडून खोक्याकडे पाहिलं. मी उभा जन्म ज्याला पाठ लावून बसले, तो आवाज गेला काय अन् राहिला काय, इथे कोणालाच पत्ता नाही. आपल्या गाण्यावर माती टाकून मी हे खोकं धरून बसले होते?

घरी आल्यावर खरं सांगावं असं वाटलं. तेवढ्यात हे म्हणाले, "आज लय भारी वाजलं." मग नाही सांगितलं.

तारा अजून तशाच आहेत. सकाळी हे वाजवायला बसले की मी स्वयंपाकघरातून गाते, मोठ्यानं. वरची पट्टी आता लागत नाही, आवाज चिरतो, तरी म्हणते. काल हे आतून ओरडले, "अवं, हळू म्हण ना! मले माहं ऐकू येऊन नाही राह्यलं!"

"नवा स्पीकर हाय," मी म्हटलं, "बसायले टाइम लागते." आणि अंतरा पुन्हा पहिल्यापासून घेतला.