कळसच्या आंब्यावरची रास्ना

तुम्ही आता पुण्याहून मोटारीने निघता आणि चहाची तल्लफ यायच्या आत बारामती गाठता. मी गेले ते पन्नासच्या दशकात, दौंडला गाडी बदलून, इवल्याशा नॅरोगेजने, कोळशाची भुकटी खात.

मी जंतुशास्त्राची विद्यार्थिनी. रास्ना म्हणजे झाडांवर वाढणारं औषधी ऑर्किड. तिच्या अर्काने जंतू मरतात का आणि तेल खवट होणं लांबतं का, हा माझा विषय. पण दुकानातली वाळकी मुळं एकाही जंतूचा केस वाकडा करेनात! सरांनी सांगून टाकलं, यंदा काही निघालं नाही तर विषय बदला. म्हणजे आणखी एक वर्ष, आणि वडील मला तेवढं शिकू देणार नव्हते. ताज्या रास्नेसाठी मी डोंगरात जायला निघाले, तर आई म्हणाली, डोंगर कशाला, कळस गावी तात्यांच्या आंब्यावर ढीगभर आहे. तात्या तिचे मामेभाऊ. तिने कळवून टाकलं, लेक तुमचा आंबा बघायला येतेय.

बारामतीत स्टेशनाबाहेरच्या खानावळीत बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेचा बेतानेच घ्या, माझ्या कानांतून धूर निघाला. पुढे इंदापूरच्या बाजूची एस.टी. कालव्याकाठी नुसता ऊस, आणि कालवा सुटला की धुळीचे लोट. फिरकीच्या झाकणाचा तांब्या पाण्याने भरून नेला होता म्हणून निभावलं. शेवटी तात्यांची बैलगाडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंबा पाहिला. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे आणि फांद्या स्वच्छ! पोळ्याला बैल सजवावा तसा तात्यांनी आंबा सजवला होता.

"पुण्याची पोर झाड बघाय येतीया, म्हनून सगळं बांडगूळ खरडून काढलं," तात्या खुशीत म्हणाले. "आता कसं दिसतंय?"

मी तिथंच बसून रडले. रडतरडत सगळं सांगितलं. मामींनी तात्यांना असं काही फैलावर घेतलं की गडीमाणसं बांधाआड गेली. तात्या खालमानेने एवढंच म्हणाले, "उकिरड्यात हाय. चूक माजी, मीच काढतो."

धोतर खोचून ते गुडघाभर शेणात उतरले. एकेक रोप वर देत होते, मी पाटाच्या पाण्यात धूत होते. ही वनस्पती हवेवर जगणारी, पानं जाडजूड. मुळं अजून हिरवी होती! मला तात्यांना मिठी मारावीशी वाटली, पण त्यांचा अवतार बघून आवरलं.

परतताना रोपं भरलेल्या ओल्या पोत्याच्या वासाने डब्यातली माणसं लांब सरकली. मी मस्त आडवी होऊन आले.

पुण्यात जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत अर्काची कागदी चकती ठेवली. जंतू मेले तर तिच्याभोवती स्वच्छ कडं पडतं. शेजारी करडईच्या तेलाच्या दोन बाटल्या, एकीत अर्क, एकीत नाही. ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. अर्काविनाचं तेल आधी खवटलं. आणि बशीत कडं पडलं, ज्वारीच्या दाण्याएवढ्या रुंदीचं, पण लख्ख. सर बशी खिडकीपाशी घेऊन गेले आणि पट्टी लावून कडं मोजलं.

"लिहायला घ्या," ते म्हणाले.

त्यातून औषध काही निघालं नाही. बशीतला जंतू वेगळा, माणसातला वेगळा. पण त्या दिवशी हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. मी पळत कॉलेजच्या फाटकावर गेले आणि रखवालदाराला सगळं सांगितलं. त्याला ओ की ठो कळलं नाही. पण माझा चेहरा बघून तोही हसायला लागला, आणि आम्ही दोघं भर उन्हात नुसते हसत उभे राहिलो.