तीन ट्रायलची लढाई

माझ्या आत्याकडे कोट शिवायला टाकायचा असेल तर आधी कोट टाकावा आणि मग लग्न ठरवावं, असं आमच्या गल्लीतले लोक म्हणतात. तीन ट्रायल झाल्याशिवाय ती पक्की शिलाई मारत नाही. गिऱ्हाईक बँकेचा मॅनेजर असो की बँडमधला ट्रम्पेटवाला, आरशासमोर उभं करून, अंगावर कच्च्या टाक्यांचा कोट चढवून ती फर्मान सोडते, "हात वर करा. आता खाली बसा. आता घरी कुणावर तरी ओरडताय असं समजून हात हलवा."

मॅनेजर इकडेतिकडे बघतो आणि बिचारा हात हलवतो.

"साहेब, खरं ओरडता तेव्हा एवढाच हात हलतो?"

"घरी मी ओरडत नाही हो. माझ्यावर ओरडतात."

"मग काखेत अर्धा इंच कमी चालेल," असं म्हणून आत्या तोंडातल्या टाचण्या न सांडता हसते. ही विद्या मला अजून जमलेली नाही.

अशा या त्रेपन्न वर्षांच्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच दुकानभर शोधणाऱ्या बाईने ऑनलाइन गेममध्ये तलवारवाले, धनुर्धारी आणि एक तीन डोक्यांचा अजगर लोळवला आहे, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. पण ते खरं आहे, आणि त्याला थोडाफार मीच जबाबदार आहे. तेव्हा मी तिच्या दुकानावरच्या खोलीत राहून नोकरी शोधत होतो, म्हणजे बहुतेक वेळ फोनवर गेम खेळत होतो. एकदा ती इस्त्रीची वायर मागायला वर आली आणि अर्धा तास माझ्या मागे उभी राहून म्हणाली, "त्या बाईचा झगा मागून वर चढलाय. शिवणाऱ्याने बाही लावताना ओढलीय." दुसऱ्या दिवशी गेम तिच्या फोनवर होता. तिने वैदू निवडली. वैदूचे वार साधे, पण ती स्वतःच्या जखमा स्वतः भरून काढते. नाव घेतलं 'टाचणी'.

त्यातून पुढे जे झालं, त्याला कारण माझे थोरले काका.

काका आत्याहून सहा वर्षांनी मोठे. सहा तासांच्या प्रवासावर एका गावात त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तीस वर्षं काका त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून जगले. सोफ्यावर बसून टीव्ही बघतानाही समोरच्या सीनमध्ये ट्रक आला की त्यांचा पाय जमिनीत घुसतो. काकू गेल्यापासून त्यांचं बोलणं मात्र कायमचं ब्रेकवरच होतं. आत्याने फोन केला की, "बरं आहे?" "बरं आहे." "जेवलास?" "जेवलो. ठेवतो." मिनिटभरात बहीण-भावाचं सगळं प्रेम आटोपायचं. फोन ठेवल्यावर आत्या उगाच कात्रीला तेल घालत बसायची.

मग एक दिवस तिला समजलं, की शिकाऊ पोरांच्या नादाने काकाही तोच गेम खेळतात. तलवारवाला. नाव 'क्लच'. तिने त्यांना आखाड्यात बोलावलं. आखाडा म्हणजे त्या गेममधली एकास एक लढायची जागा.

तेव्हापासून दुपारी एक वाजता दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. आत्या सात मिनिटांत डबा संपवून फोन बॉबिनच्या डब्याला टेकवून बसायची. तिकडे काका झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत, मास्तरच्या सीटवर. बोलणं स्पीकरवर चालू.

"ये दादा, बघू तुझी तलवार. भाजी चिरायची आणलीस का?"

"चिमटे, रडू नकोस हं मग."

लहानपणी हरायला लागली की ती चिमटा काढायची, म्हणून चिमटी. हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. एक लढाई तीनेक मिनिटं चालायची. काकांचे वार मोठे, पण दोन वारांमध्ये दम खावा लागायचा. तेवढ्यात आत्या जखम भरून काढायची. कधी ते जिंकायचे, कधी ती. आणि शेवटच्या क्षणी, दोघांचंही आयुष्य बोटभर उरलेलं असताना, फोनमधून एक आवाज यायचा: कुर्रर्र... कुर्रर्र... काका बंद गाडीतला ब्रेक दाबत असायचे. पेडलला तेल नव्हतं. तो आवाज आला की आत्याचे डोळे लकाकायचे.

लढायांच्या मधल्या वेळात ते बोलायचे. कोण शिकाऊ गिअर टाकताना देवाचं नाव घेतो, कुणाच्या कोटाच्या खिशात जुनं प्रेमपत्र सापडलं, रात्री एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा कसा येतो. हे शेवटचं काकांनी एकदाच सांगितलं, तेही हरल्या-हरल्या. पण सांगितलं. चाळीस मिनिटं बोलणारा माणूस आत्याने तलवारीच्या टोकावर परत मिळवला होता.

आणि मग गेमच्या कंपनीने अपडेट आणलं.

वैदू दुबळे पडतात अशी जगभरच्या वैदूंची तक्रार होती म्हणे. कंपनीने दयाळूपणे त्यांची जखमा भरायची ताकद दुप्पट केली. आता काका घाम गाळून वार करायचे आणि दम खायला थांबले, की आत्या आत्ताच आंघोळ करून आल्यासारखी टवटवीत. निव्वळ पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या दिवशी ती सगळ्या लढाया जिंकली आणि दुकानात नाचली. दुसऱ्या दिवशी जिंकली आणि हसली. पाचव्या दिवशी जिंकली आणि जांभई दिली. मला म्हणाली, "काय रे, ब्रेक वाजला नाही आज."

अकराव्या दिवशी काका म्हणाले, "उद्या नको. गाडी सर्व्हिसिंगला आहे." परवा डोळे दुखत होते. तेरवा एक शिकाऊ बाई आडव्या आल्या.

"आल्या म्हणजे?"

"म्हणजे क्लासला. ठेवतो."

परत 'ठेवतो' आलं. आत्याने कात्रीला तेल घातलं. घाबरली ती. दुसरं काही केलं तरी तो बोलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घाबरलेला माणूस करतो तेच तिने केलं. काकांना आर्जवं करून आखाड्यात बोलावलं आणि मुद्दाम हरली. पहिली लढाई हरली, दुसरी हरली, तिसरीत तर औषधाचं बटण दाबायचं सोडून खांबाकडे तोंड करून उभी राहिली.

"अगं बाई, काय जबरदस्त मारलंस दादा!"

मग काका म्हणाले, "चिमटे, तीस वर्षं मी दुसऱ्याच्या नकळत ब्रेक दाबतोय. पोरं घरी जाऊन सांगतात, आज मी गाडी थांबवली. त्यांना कळत नाही. दुसऱ्याने दाबलेला मला कळणार नाही होय?"

"नाही रे, बोट घसरलं..."

"तीन वेळा घसरलं? भीक नको घालूस मला." आणि या खेपेला 'ठेवतो'सुद्धा न म्हणता ठेवला.

आठवडा गेला. आत्याने एका कोटाची डावी बाही उजवीकडे लावली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी बोललो, "एका गेमपायी..." तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वर जाऊन खरोखर नोकरीचे दोन अर्ज भरले.

तोडगा निघाला तो ट्रम्पेटवाल्याच्या कोटातून. वर्षानुवर्षं वाजवून त्याचा एक खांदा उतरलेला. आत्याने त्या बाजूला आत कापडाची गादी घातली आणि आरशात बघायला लावलं. दोन्ही खांदे सारखे. ट्रम्पेटवाला खूश, पण जरा ओशाळला. म्हणाला, "ताई, ही फसवणूक नाही ना?"

"लपवून केली असती तर असती," आत्या म्हणाली. "तुमच्यासमोर टाके घालतेय की." आणि मध्येच थांबली. टाचण्या तोंडातून काढल्या, त्याला तसाच एका बाहीत उभा ठेवला आणि काकांना फोन लावला.

"दादा, ठेवू नकोस. आधी ऐक. चुकलं माझं. मी गुपचूप केलं."

"हं."

"पण तुझं काही चुकलेलं नाही. तुझी तलवार तीच, हात तोच. कंपनीने कापड आटवलंय. आटलेल्या कापडात माणूस मावला नाही तर माणसाला जाड म्हणायचं का?"

"मग?"

"उद्या एक वाजता ट्रायलला ये. कच्चे टाके घालू. माझं ताकदीचं एकेक सामान काढते, चिलखत, अंगठी, काठी, तुझ्यासमोर, सांगून. बसेपर्यंत."

"मला सवलत नको. परीक्षेला सगळ्यांना एकच गाडी असते."

"आणि सीट? उंच पोराला आणि बुटक्या बाईला सीट एकाच जागी ठेवतोस? मागेपुढे सरकवतोस ना? ती सवलत असते का?"

इकडे ट्रम्पेटवाला एका बाहीत श्वास रोखून उभा. मग काका म्हणाले, "तीन ट्रायल घेशील. तुझी खोड माहितीय मला. डबा लवकर संपव."

पहिल्या ट्रायलला आत्याने छातीचं चिलखत उतरवलं.

"अगं, लाजबीज आहे की नाही? चारचौघांत कपडे काढतेस!"

"आत पूर्ण बाह्यांचा झगा आहे. तू आपलं बघ."

दहापैकी नऊ लढाया काका जिंकले. आत्याने मापाच्या वहीत 'क्लच' नावाचं पान उघडलं होतं, त्यात लिहिलं: ढगळ. दुसऱ्या ट्रायलला चिलखत परत घातलं आणि अंगठी काढली. काका दोनच जिंकले. लिहिलं: काखेत घट्ट. यात दोघं इतके रमले की तलवार कुठे बसते, औषध कधी पुरतं, यावरच बोलत राहिले आणि काकांचा दोनचा क्लास सव्वादोनला सुरू झाला.

तिसऱ्या ट्रायलला चिलखत अंगावर, अंगठी बोटात, पण हातात चांदीच्या काठीऐवजी साधी लाकडी काठी. नऊ लढाया झाल्या. काका पाच, आत्या चार. दहावीत दोघंही बोटभर उरले. मी जिन्यावर उभा होतो. आत्याचा अंगठा औषधाच्या बटणावर, डोळे बारीक, आणि फोनमधून आलं: कुर्रर्र... कुर्रर्र... कुर्रर्र!

"वाजला!" आत्या ओरडली आणि त्या नादात बटण दाबायचं राहिलं. काका जिंकले.

"आता मुद्दाम हरलीस का?"

"नाही रे मेल्या, खरंच हरले!" असं म्हणत ती इतकी हसली, की शटरखालून एक गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं.

आखाड्यात बघे असतातच. एक वैदू लाकडी काठी घेऊन भांडतेय, हे त्यांनी पाहिलं. महिन्याभरात दहा-बारा जोड्या आखाड्यातच आत्याकडे येऊन माप मागायला लागल्या. तिने त्या सगळ्यांना तीन-तीन ट्रायल घ्यायला लावल्या. दोघांनी कुरकूर केली, त्यांना म्हणाली, "घाई असेल तर तयार कपड्यांच्या दुकानात जा."

दोन महिन्यांनी कंपनीने पुन्हा अपडेट आणलं. आता तलवारवाल्यांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. पहिल्याच दुपारी काकांनी आत्याला चार वारांत आडवी केली. दहाही लढाया. आत्याने डबा धुतला, शटर वर केलं. मला वाटलं, झालं! जिंकायची चटक कुणाला सोडवते? ज्याला अकरा दिवस मार पडला, तो निदान अकरा दिवस तरी वसुली करणारच. मी केली असती.

दुसऱ्या दिवशी एक वाजायला पाच मिनिटं कमी असताना आत्याचा फोन वाजला. काकांचा. काका स्वतःहून फोन करत नाहीत, त्यामुळे आत्या आधी घाबरलीच.

"काय रे दादा? बरा आहेस ना?"

"चिमटे, माझा कोट ढगळ झालाय. टेप घेऊन ये. आधी शिरस्त्राण काढू की ढाल?"

आत्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, मापाची वही काढली, आणि नाक पुसून म्हणाली, "आधी ढाल. आणि आज कुठे आहेस? मागे कुणीतरी खोकतंय."

"शिकाऊ बाई आहेत. लवकर आल्यात. बसतील पाच मिनिटं."

त्या पंचवीस मिनिटं बसल्या. ढाल काढून जमलं नाही, शिरस्त्राण काढून थोडं जमलं, आणि तिथे एक लढाई अशी अडकली की दोघंही बोलायचे बंद झाले. दुकानात फक्त पंख्याचा आवाज. मग फोनमधून ती ओळखीची कुर्रर्र सुरू झाली, जोरात, लागोपाठ, आणि तिच्यामागून त्या बाईंचा काळजीचा आवाज आला,

"सर, ब्रेक कशाला दाबताय? गाडी बंद आहे!"