ठिपका बांधावर पडायला हवा होता

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. नांदेडला बी.एस्सी.ला आहे. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी पुरावा मागायचो... त्यामुळे हे लिहावं की नाही, हेच बरेच दिवस ठरत नव्हतं. दिसलं तेवढंच लिहितो.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात. माझे चुलते, आप्पा, उन्हाळी भुईमूग लावतात आणि रानडुकरं तो उकरतात. आप्पांकडे परवान्याची जुनी रायफल आहे, पण अंधारात नेम दिसत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी कुंपणाच्या तारेत करंट सोडला. तो त्यांच्याच मुलाला, गजूदादाला लागला. दादा गेला. घरात यावर कुणी बोलत नाही. आप्पांनी तार काढून टाकली आणि या मार्चमध्ये रायफलीला लेझर बसवून आणला — भलत्यालाच गोळी लागायला नको म्हणून.

लेझरचा लाल ठिपका जिथे, तिथेच गोळी लागली पाहिजे. दिवेलागणीला आम्ही ते जुळवायला बसलो. पन्नास पावलांवर काठीला पुठ्ठा बांधला, त्याच्या मागे दहा पावलांवर मातीचा उंच बांध. रायफल वाळूच्या पोत्यावर टेकवलेली. दुर्बिणीतून बघून गोळी ठिपक्यापासून किती बोटं सरकली ते मी सांगायचं, आप्पांनी स्क्रू फिरवायचा.

"किती?"

"तीन बोटं उजवीकडं, आप्पा."

"तुझी का माझी? तुझी लई बारीक हायती, पेन धरायची."

मी हसलो. तिसरी गोळी बरोबर ठिपक्यात बसली, पण तिने काठीच मोडली. पुठ्ठा खाली पडला. आप्पांनी चौथी भरली होती.

आता ठिपका मागच्या बांधावर पडायला हवा होता. तो पुठ्ठ्याच्याच जागी राहिला... हवेत, छातीच्या उंचीवर. आणि हळूहळू वर-खाली होत होता. मला वाटलं आप्पांचा हात हलतोय. हात रायफलीवर नव्हताच.

"किती बोटं?" आप्पांनी विचारलं. मी नुसतं त्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी रायफल जराशी उजवीकडे सरकवली. ठिपका एकदम लांब बांधावर गेला. परत आणली — परत हवेत. मग त्यांनी तो सावकाश वर नेला. एका उंचीपर्यंत तो जवळ राहिला, त्याच्या वर बांधावर गेला.

"माझ्या कानाएवढा उंच होता गजू," आप्पा म्हणाले. "तेवढंच हाय."

त्यांनी भरलेली गोळी बाहेर काढली, माझ्या हातात दिली. "जा. बघून ये."

मी गेलो नाही. भीती वाटली असंही नाही, काहीच वाटत नव्हतं. बॅटरी संपून ठिपका विझेपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

कॉलेजात सरांना कुणाचंही नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, धूळ असेल. धुळीने किरण दिसतो, ठिपका असा एका कडेपाशी थांबत नाही... पण मी वाद घातला नाही.

आप्पांनी लेझर काढून ठेवला. डुकरं भुईमूग खातात, ते बघत बसतात. मला एसटीत बसवायला आले तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाले, "दुर्बिणीतनं तोंड दिसलं का रे त्याचं?"

"न्हाई, आप्पा," मी म्हणालो.

ते खरंच होतं. दुर्बीण मी तेवढी वर उचललीच नव्हती.