ठेवून आलेली टेप

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे 'उस्ताद' म्हणत. पार्ट आणायला दुकानात जायचं झालं की उस्ताद आपली हत्यारांची बॅग गिऱ्हाइकाच्या घरीच ठेवून जायचा. "बॅग इथंच आहे, म्हणजे मी आलोच," असं म्हणून जिना उतरायचा. लोक निर्धास्त राहायचे. बॅग ठेवून तो परतला नाही, असं एकदाही घडलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याने सुट्टी काढून परदेशातल्या एका अनाथाश्रमात महिनाभर सेवा केली. तिथला दुधाचा फ्रीज सुरू केला, पोरांना भरवलं, खांद्यावर घेऊन फिरवलं. परत आल्यावर एक मोठा फोटो दुकानात लावला. फोटोत त्याच्या मांडीवर चार वर्षांची एक मुलगी होती. दिसेल ते बटण दाबायची, म्हणून त्याने तिचं नावच 'बटण' ठेवलं होतं. फोटो पाहून गिऱ्हाइकं हात जोडायची. बायको मात्र म्हणायची, "स्वतःच्या पोरांना कधी घास भरवला नाहीस रे! त्यासाठी विमानात बसावं लागतं होय?"

उस्ताद हसून वेळ मारून न्यायचा.

एका दुपारी दुकानात त्या आश्रमातल्या ताईंचा व्हिडिओ कॉल आला. मुलांचं सगळं त्याच पाहत. मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांचं बोलणं चाले.

"बटणला दत्तक घ्यायला एक जोडपं आलंय," ताई म्हणाल्या. "माणसं फार चांगली आहेत. आज तिसऱ्यांदा आलीत, पण ती जागची हलत नाही. तुमची टेप घेऊन फाटकाशी बसते. म्हणते, त्याची टेप माझ्याकडे आहे, म्हणजे तो येणारच. मी गेले तर त्याला टेप कोण देणार?"

उस्तादला ती टेप आठवली. निघायच्या दिवशी पोरगी पायाला बिलगून सोडेना, तेव्हा त्याने खिशातली मोजमापाची टेप तिच्या हातात दिली होती. फ्रीजचा पार्ट घेऊन आलोच, असं तिच्या भाषेत सांगून सटकला होता. फ्रीज तर त्याआधीच ठणठणीत चालू झाला होता.

"तिला सांगा ना, पुढच्या वर्षी येतो म्हणून."

"येणार आहात?"

यंदा मोठीच्या कॉलेजचा प्रवेश होता. आणि खरं सांगायचं तर, जायचा विचारही त्याच्या मनात आला नव्हता.

"मग हे तुम्हीच तिला सांगा," ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"ताई, 'येणार नाही' याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

पाणी, शाब्बास, पार्ट, आलोच, एवढे शब्द तो तिथे शिकला होता. हा शब्द विचारायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. ताईंनी सांगितला. त्याने दोनदा घोकला.

स्क्रीनवर बटण आली. उंच झाली होती. त्याला पाहताच तिने टेप खसकन ओढून दाखवली आणि खळखळून हसली. त्याने तो शब्द उच्चारला. तिने ताईंकडे पाहिलं, मग काहीतरी विचारलं.

"विचारतेय, पार्ट मिळाला नाही का?"

'नाही मिळाला' म्हटलं असतं तर सुटला असता. ते शब्द अगदी ओठांवर आले होते.

"पार्ट नव्हताच, सांगा. मी खोटं बोललो. आणि टेप तिचीच आहे."

ताईंनी सांगितलं. बटणने टेप परत आत जाऊ दिली, सावकाश, बोटाने धरून, त्यानेच शिकवलं होतं तसं. मग ती ताईंच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर निघून गेली.

"टेप नको म्हणते," ताई म्हणाल्या. "त्या दोघांबरोबर निघायचं म्हणून बूट घालायला गेली."

कॉल बंद झाला. डबा घेऊन आलेली बायको दारातच उभी होती. सगळं नसलं, तरी पुरेसं तिने ऐकलं होतं.

"टेप हरवली म्हणाला होतास ना?"

"ठेवून आलो होतो."

तिने त्याच्यापुढे डबा ठेवला आणि घरी गेली. उस्तादने स्टूल ओढलं, वर चढला आणि खिळ्यावरून फोटो काढला. त्यातही पोरगी टेप हातात धरून त्याच्याचकडे बघत होती.