भुकेची जागा

"बाई, तुमचे वडील ढोंग करत नाहीत. ही बीमारी आहे," असं डॉक्टरसाहेब म्हणाले, तेव्हा बीडच्या सरकारी दवाखान्यात चार लोकांसमोर मी पदर तोंडाला लावून हसले. बापाला बरा न होणारा आजार झालाय हे ऐकून हसणारी लेक त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. पण वर्षभर आमच्या घरात काय चाललं होतं ते त्यांना कुठं ठाऊक होतं?

आजाराचं नाव सेनाइल डिमेन्शिया. मी ते त्यांच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घेतलं, म्हणजे घरी जाऊन नीट सांगता यावं. म्हातारपणी मेंदू वाळत जातो आणि माणसाची आठवण, समज, बोलणं एकेक करून गळत जातं, असा त्याचा अर्थ. डॉक्टरसाहेब मूळचे हैदराबादचे, विलायतेत शिकून आलेले. त्यांनी माझ्या वडिलांच्या, आमच्या अप्पांच्या, हातात किल्ली ठेवली आणि हे काय म्हणून विचारलं. अप्पांनी ती उलटीपालटी केली, दातांखाली धरून पाहिली आणि मोठ्या अदबीनं परत दिली. गेवराईत आमचं कापडाचं दुकान. त्याचं कुलूप त्यांनी जन्मभर उघडलं होतं.

"दवा?" मी विचारलं.

"नाही. खाऊ घाला, स्वच्छ ठेवा, रागावू नका. एवढीच दवा."

त्यातली पहिलीच दवा आमच्या घरात बंद होती. ते कसं, हे सांगायला हवं.

आम्ही लिंगायत. लहानपणी गुरूनं गळ्यात बांधलेलं इष्टलिंग मरेपर्यंत अंगावर असतं. ते हातात घेऊन पूजा झाल्याशिवाय आम्ही पाणीही पीत नाही. लिंग हरवलं, तर गुरू येऊन नवं बांधीपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. धडधाकट माणसाचं लिंग कधी हरवत नाही, म्हणून हा नियम कुणाला जाचत नाही.

अप्पा ते काढून टाकायला लागले. गळ्यात काहीतरी टोचतंय एवढंच त्यांना कळायचं. एकदा ज्वारीच्या पोत्यात खुपसलं, ते सापडलं. पुढच्या खेपेला आडात टाकलं. आमचे स्वामी म्हणजे आमचे जंगम गुरू, ते गावोगाव फिरतीवर असायचे. निरोप जाऊन ते येईपर्यंत मन्मथदादानं, माझ्या थोरल्या भावानं, अप्पांना पाण्याचा घोटही घेऊ दिला नाही. स्वैपाकघराला कडी घालून तो स्वतः दाराशी बसला. पंचक्रोशीत आपल्या घराला नावं ठेवली जातील, एवढी एकच धास्ती त्याच्या डोक्यात होती.

माझा नवरा प्लेगात गेला, दादाची बायकोही त्याच साथीत गेली. त्यामुळं त्या घरात रांधणारी मी, आणि जेवू कुणाला घालायचं नाही हे ठरवणारा तो.

"दादा, त्यांना समजत न्हाई रे."

"समदं समजतंय. लिंग आडात टाकाया हात बरा उचलतो?" तो म्हणायचा. आणि वर, "भुकेचं काय घेऊन बसलीस गिरजे? घटकाभरात इसरतोय त्यो. त्येला भूकबी कळत न्हाई आता."

हे वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. कारण खरंखोटं मला सांगता येत नव्हतं. अप्पा भाकरी मागत, मग मधेच थांबून भिंतीकडे बघत. परत मागत. मागताना आधी कधी मागितल्याचं त्यांना आठवत नसे. दादा म्हणे, बघ, इसरला. मला वाटे, भूकच विसरले असते तर परत मागितली असती का?

एकदा मी शेजारणीकडून पदराखाली चतकोर भाकरी आणून त्यांना चारली. त्यांनी ती गपागप खाल्ली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि थेट दारापाशी जाऊन दादाला म्हणाले, "मन्मथा, गिरजेनं भाकर दिली. लई ग्वाड हाय. तुलाबी देईल." त्यांना दुसऱ्याला वाटून खायचं आठवत होतं, लपवायचं नाही. दादानं मला घराबाहेर काढायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या संतापातच मी अप्पांना बैलगाडीत घालून बीडला नेलं होतं.

परत आल्यावर आजाराचं नाव दादाला सांगितलं. "इंग्रजी नाव दिलं म्हून पाप धुतलं जात न्हाई," तो म्हणाला. स्वामींनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं. लिंग गळ्यात नको, दंडाला बांधू, असं त्यांनीच सुचवलं आणि स्वतःच्या हातानं घट्ट बांधून दिलं. रोग असला तरी लिंग हवंच, हेही सांगितलं. मला वाटलं, सुटलो.

कार्तिकात कपिलधारची यात्रा भरली आणि स्वामी तिकडे गेले. नेमकं त्याच सुमाराला अप्पांनी दंडाचा दोरा दातांनी कुरतडून तोडला. लिंग कुठं गेलं ते सापडलं नाही. कपिलधारला निरोप पाठवला, पण यात्रेच्या गर्दीत स्वामींची गाठ पडली नाही. दादा परत दारात बसला. मी पाया पडले, शिव्या दिल्या, भिंतीवर डोकं आपटलं. तो हलला नाही. तोसुद्धा त्या दिवसांत जेवला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगते. पण तो विहिरीवर जाऊन पाणी पीत होता.

अप्पांची जीभ कोरडी पडली, ते हाकेला ओ देईनात, तेव्हा आपल्या घरात मरण नको म्हणून असेल, दादानं मला गाडी जुंपू दिली.

बीडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मी बसून राहिले. आत त्यांना चमच्यानं पाणी देत होते, ते ओठांतून बाहेर येत होतं. शेजारी एक म्हातारी पाय सुजलेल्या नवऱ्याला हळूहळू पेज भरवत होती. त्या वाटीकडे बघवेना, म्हणून मी तोंड फिरवून बसले. दुसऱ्या दिवशी उजाडताना अप्पा गेले.

डॉक्टरसाहेब बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, या आजारात मेंदूत नेमकं काय होतं ते विलायतेतही आत्ताशी कुठं पाहू लागलेत. तुमची इजाजत असेल तर मी यांचा मेंदू काढून घेईन. वरून टाके घालीन, फेट्याखाली कुणाला दिसणार नाही.

तुम्हाला हे क्रूर वाटेल. मलाही वाटलं. बाप अजून गार पडला नव्हता, आणि हा माणूस त्याचं डोकं मागत होता. पण वर्षभरात अप्पांबद्दल मला काही विचारणारा तो पहिलाच माणूस होता.

"घ्या," मी म्हणाले. "पण तपासून मला एक सांगा. त्यांना भूक कळत होती का?"

"कोशिश करतो," ते म्हणाले.

आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात. अंगाला भस्म लावतात, फेटा बांधतात, हातात लिंग देतात. मग जंगम त्याच्या मस्तकावर आपला पाय ठेवतात आणि त्या पायाखालून माणूस शिवापाशी जातो. हा शेवटचा मान. स्वामी कपिलधारहून परस्पर गेवराईला आले. त्यांनी अप्पांच्या थंड तळहातावर नवं लिंग ठेवलं. मग पाय टेकण्यासाठी फेटा उतरवायला सांगितला.

फेटा उतरवतात हे मला ठाऊकच नव्हतं. बायका त्या वेळी लांब उभ्या असतात.

टाके पाहून दादा ओरडला, "ह्ये काय हाय?"

मी पुढे जाऊन सांगितलं. मेंदू बीडच्या दवाखान्यात बरणीत आहे. मी दिला.

स्वामींनी उचललेला पाय खाली जमिनीवर ठेवला. रागावले नाहीत. "उघडलेल्या मस्तकावर मला पाय ठिवता येत न्हाई, पोरी," एवढं म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले होते. दादानं भर लोकांत माझ्या तोंडात मारली. "आता जा, त्या बरणीलाच माती दे!" असं म्हणाला. अप्पांना तसंच बसवून माती लोटली. चिमूटभर माती टाकायलाही मला जवळ जाऊ दिलं नाही.

मेंदू औषधात घट्ट व्हायला बरेच दिवस लागतात. डॉक्टरसाहेबांचा निरोप आला तेव्हा थंडी सरली होती. त्यांनी मला बरणी दाखवली. जून अक्रोडातला गर वाळून कवचापासून सुटावा तसा आतला मेंदू दिसत होता. याला ॲट्रफी म्हणतात, म्हणजे सुकून आकसणं. मग पातळ काप करून, चांदीचं औषध लावून काचेवर ठेवलेला एक तुकडा मायक्रोस्कोपखाली, म्हणजे बारीक गोष्ट मोठी दाखवणाऱ्या भिंगाखाली, मला पाहायला लावला. काळे डाग होते. त्यांना ते प्लाक म्हणाले. आणि गुंता झालेले दोरे. हे का होतं ते कुणालाच माहीत नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं.

"माझा सवाल?" मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, नावं, चेहरे, शहाणपण, ते सगळं या वरच्या थरात असतं, असं आम्ही मानतो. तो गेला होता. पण भूक, तहान, भीती यांची जागा खाली, आत आहे. तिथले काप मी पुनःपुन्हा पाहिले. एक डाग नाही. बोलता येत नसेल, पण त्यांना सगळं जाणवत होतं."

तुमच्या घरात असा माणूस असेल, तर त्याच्या विसरण्यावर विसंबू नका. तो तुमचं नाव विसरेल, स्वतःचंही विसरेल. पोट विसरत नाही. आधी त्याच्यापुढं ताट ठेवा, मग धर्म, अब्रू, जात काय विचारायचं ते विचारा. हे मला कळलं ते त्या डॉक्टरांमुळं. त्यांचे उपकार मी मानते, आणि अप्पांच्या डोक्यावर पाय पडला नाही याचं दुःखही मला आहे. दोन्ही आहे.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी भाकऱ्या केल्या. दादा पाटावर बसला. पहिला घास मोडताना म्हणाला, "काय म्हनला तुझा डाक्टर?"

"अप्पाला भूक लागत होती. तहानबी. शेवटपत्तूर."

त्याचा हात ताटावर थांबला. मी वाट बघत होते, कशाची ते मलाही ठाऊक नाही. मग त्यानं घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाला, "वरण वाढ."

मी पातेलं उचलून त्याच्यापुढं ठेवलं आणि मागं सरले. तेव्हापासून रांधते मी, वाढून तो घेतो, आणि तो हात धुवून उठेपर्यंत मी समोर बसून असते, तो दाराशी बसायचा तशी.