आईच्या ओंजळीवर चिकटवलेला कागद

‘‘हात चुकलेत तुझे,’’ संपादकबाई म्हणाल्या आणि एका बोटानं चित्र माझ्याकडे सरकवलं.

चित्र माझंच होतं. शाळेच्या पायरीखाली उकिडवा बसलेला मुलगा. पायरीवर उभा शिपाई. शिपायाच्या हातातल्या तांब्यातून पडणारी पाण्याची धार. पण मुलाचे हात माझे नव्हते. त्यांच्यावर दुसरा कागद बेतून चिकटवलेला. त्यावर नवे हात, नवा चेहरा. गोंद अजून ओला होता.

ऑफिस डोंबिवलीतलं, मुलांची पुस्तकं काढणारं. त्या वर्षी बाबांची जन्मशताब्दी होती. आमच्या वस्तीत नुसतं बाबा म्हटलं की कोणाचे, असं कुणी विचारत नाही. ज्यांना शाळेत माठाला हात लावू दिला नाही आणि ज्यांनी पुढे देशाचा कायदा लिहिला, ते बाबा. एरवी आमच्याकडे न फिरकणाऱ्यांनाही त्या वर्षी त्यांच्यावर पुस्तक काढायचं होतं. बारा चित्रांचं काम मला मिळालं. माझं पहिलं पुस्तक. मी हवेत होते. काम का मिळालं ते नंतर प्रस्तावनेत वाचलं. ‘त्यांच्याच समाजातील एका मुलीच्या कुंचल्यातून.’

अकरा चित्रं सरळ झाली. हे एक काही केल्या जमेना. मी कधी असं पाणी प्यायलेच नव्हते. आंबिवलीच्या आमच्या चाळीत घरात नळ होता. आई मात्र साताऱ्याकडच्या गावातली. लग्न होईपर्यंत विहिरीवर वाट बघत बसायची. कुणी वरून ओतलं तर प्यायची, नाही ओतलं तर तशीच परतायची.

मी चौथ्यांदा कागद फाडला तेव्हा ती भाकऱ्या टाकून उठली. मोरीत जाऊन उकिडवी बसली.

‘‘तांब्या घे. स्टुलावर हुबी ऱ्हा आन् वत.’’

मी ओतलं. तिनं दोन्ही तळवे जोडले, मनगटं हनुवटीला टेकवली, कोपरं वर उचलली.

‘‘कोपरं खाली आली की पानी बाह्यांत जातंय. पोटात काय न्हाई जात. आन् डोळं खाली न्हाई करायचं. वतणाऱ्याच्या हाताकडं बघायचं. त्यो कवा थांबंल त्याचा नेम नसतो.’’

पन्नाशीची माझी आई, स्वतःच्या घरात, स्वतःच्या नळाचं पाणी तसं पीत होती. आणि वरून ओतणारी मी होते. मला माझी लाज वाटली. मी तांब्या खाली घेतला.

‘‘थांबू नगंस,’’ ती ओरडली. ‘‘थांबलीस तर चितार कसं काढशील?’’

तीन रविवार ती तशी बसली. तिसऱ्या रविवारी हात जमले. डोळेही जमले.

तेच हात आता कागदाखाली होते. नव्या हातांत उजव्या तळव्याचा सुबक खोलगट द्रोण, खाली आधाराला डावा हात. डोळे मिटलेले. माझ्या चित्रातला मुलगा देवळात तीर्थ घेत होता.

‘‘तू कोपरं काय गं अशी वर काढलेलीस?’’ बाई म्हणाल्या. ‘‘आणि डोळे किती वटारलेले! पाणी असं पितात का कुणी? आमच्या आर्टिस्टनी नीट करून दिलंय.’’

‘‘बाई, आईनं बसून दाखवलेलं मला.’’

शेजारी बसलेले प्रकाशक हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानंच हसले. ‘‘अगं, आईला ॲनाटॉमी काय कळणार?’’

मी काय करायला हवं होतं, ते मला रोज सुचतं. तेव्हा मी म्हणाले, ‘‘चालेल सर.’’ वर थँक्यूसुद्धा म्हणाले.

घरी आई दारातच उभी. ‘‘माझं हात आवडलं का गं त्यास्नी?’’

‘‘आवडले,’’ मी म्हटलं.

प्रकाशन ठाण्याच्या एका सभागृहात झालं. मूळ चित्रं बाहेर बोर्डावर टाचण्यांनी लावलेली. मी आईला नेणार नव्हते. ती आदल्या दिवसापासून पातळाला इस्त्री करून बसलेली. तिथे पोचल्यावर ती एकेक चित्र बघत सरकत गेली. पायरीच्या चित्रापाशी थांबली.

‘‘ह्ये कुणाचं हात?’’

‘‘त्यांच्या आर्टिस्टचे,’’ मी म्हटलं.

‘‘तू हो म्हनलीस?’’

ती रागावली नाही. तिनं पदरानं स्वतःचे हात झाकून घेतले. काही चोरताना सापडल्यासारखे. ते मला बघवेना. काय करतेय हे कळायच्या आत मी नखानं त्या कागदाचं टोक उचललं आणि ओढलं. गोंद पक्का बसलेला. वरच्याबरोबर खालचा कागदही सोलून निघाला. आईचे दोन्ही हात, मुलाचा चेहरा, सगळं गेलं. उरलं एक कोपर.

‘‘अगं, वेडी आहेस का तू?’’ प्रकाशक धावत आले. ‘‘ही आमची प्रॉपर्टी आहे!’’

‘‘हात माझ्या आईचे आहेत,’’ मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर माझा आवाज चढला.

त्यांच्या दोन माणसांनी आम्हांला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. आत टाळ्या पडत होत्या. पुस्तक छापून झालेलं होतं, माझ्या ओरडण्यानं त्यातली एक रेघ हलणार नव्हती. डोंबिवलीत, ठाण्यात मला पुढे कुणी चित्रांचं काम दिलं नाही. मी ठाकुर्लीच्या एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आईनं तो विषय पुन्हा काढला नाही. मी चारदा म्हटलं, बस ना गं परत, नवं काढते. ती मोरीकडे पाठ करून बसायची. तीन वर्षांनी ती गेली. मी आठवून काढायला बसते तेव्हा फक्त ते कोपर येतं.

पुस्तक शाळाशाळांत गेलं. कल्याणला माझ्या भाचीला ते बक्षीस मिळालं. तिनं मला ते पान उघडून दाखवलं. म्हणाली, ‘‘मावशी, किती छान पाणी देतायत ना बाबांना!’’

मी तिच्यासमोर मान हलवली नाही. खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, माझ्या ‘चालेल सर’सकट.

आता हेच करणार आहे. जिथे ते पुस्तक असेल त्या शाळेत जाणार, वाचनालयात जाणार. हाकललं तर फाटकाबाहेर उभी राहणार. पोरांना ते पान उघडायला लावून सांगणार, हे चित्र खोटं आहे. आणि याला हो म्हणणारी बाई मीच.